अर्धा सूर खाली

गायिका : अहो, पण या कोटावर डाग कुठं आहे?

समीक्षक : असेल की. बाहीवर बघा.

गायिका : बाही पाहिली, कॉलर पाहिली, अस्तर उलटं करून पाहिलं. आमच्याकडून धुऊन जातात ते कोटसुद्धा इतके स्वच्छ नसतात.

समीक्षक : मग नुसती इस्त्री करा.

गायिका : तीही कडक आहे. कुठल्या लाँड्रीची? काम चांगलं आहे त्यांचं.

समीक्षक : तुमचीच. गेल्या मंगळवारी टाकला होता.

गायिका : मग पुन्हा कशाला आणलात?

समीक्षक : मंगळवारी जे बोलायचं होतं ते राहून गेलं. त्याच्या आदल्या मंगळवारीही राहिलं होतं. तेव्हा पँट आणली होती.

गायिका : हे बघा, एक वाजता आम्ही शटर अर्धं ओढतो. एकला पाच कमी आहेत. कपडा असेल तर द्या, तक्रार असेल तर करा. बटण तुटलं का आमच्याकडून?

समीक्षक : बटण नाही तुटलं.

ड्रमर : अगं, कोण आहे? मला वाफेतून काही दिसत नाही.

गायिका : स्वच्छ कोटवाले गृहस्थ आहेत. तू बस जेवायला, मी आलेच.

ड्रमर : थांब, थांब. साहेब, जरा उजेडात या. असे. आता उजव्या गालावर बोट ठेवा.

समीक्षक : काय?

ड्रमर : बोट हो. फार मोठ्या विचारात असल्यासारखं. ठेवा तर… हां! केस गेले, पण बोट तेच आहे. ओळखलंस का यांना? रविवारची पुरवणी, दुसरं पान, उजवीकडे चौकोनात फोटो.

गायिका : नाही बाई. कोण?

ड्रमर : ‘कुणीतरी या गायिकेला उठवा.’

गायिका : …अच्छा.

समीक्षक : शीर्षक उपसंपादकानं दिलं होतं.

ड्रमर : आणि खालचा मजकूर? ‘ढोलवाला दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात घरी जाऊन येत असावा.’ तो ढोलवाला मी, साहेब. नमस्कार. घर तेव्हा स्टुडिओपासून चाळीस मिनिटांवर होतं.

समीक्षक : तुम्हाला पाठ आहे.

ड्रमर : मला आहे, हिला आहे. नवीन लग्न झालं होतं आमचं. इतर जोडपी एकमेकांची पत्रं पाठ करतात.

गायिका : कोट घेऊन जा. पैसे नाहीत, आम्ही हातच लावला नाही. आणि कंपनीनं पाठवलं असेल तर त्यांना सांगा, कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि तिथंच राहील.

समीक्षक : कंपनीनं पाठवलं नाही. त्यांना ठाऊकही नाही मी इथं आलोय ते. पण ‘चौथा मजला’बद्दलच बोलायचंय.

ड्रमर : बोला, बोला. अठ्ठावीस वर्षांत त्याबद्दल बोलायला आलेले पहिले माणूस तुम्ही. मध्ये एकदा एकजण आला होता, पण त्याला खरंच चौथ्या मजल्यावर पार्सल द्यायचं होतं.

गायिका : तू गप्प बस.

ड्रमर : मी गप्पच असतो. म्हणून तर ड्रम वाजवायचो. साहेब, परिस्थिती अशी आहे की कंपनीला तो अल्बम पुन्हा काढायचाय. काळी मोठी तबकडी, जाड पुठ्ठ्याचं कव्हर, आत पुस्तिका. हल्लीची पोरं म्हणे ती गाणी एकमेकांना पाठवतात. ‘अजरामर’ वगैरे म्हणतात. शुक्रवारपर्यंत हिची सही हवी. आज बुधवार. हिच्या हातात पेन असतं दिवसभर, कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर पाचशे सह्या ठोकते, पण तेवढी एक होत नाही.

गायिका : वाईट झालेली गोष्ट एकदा झाली, पुरे. जाड पुठ्ठ्यात घातली म्हणून ती चांगली होत नाही.

समीक्षक : वाईट आहे असं कोण म्हणालं?

ड्रमर : साहेब, तुमची कमाल आहे हं.

समीक्षक : हो. चुकलं. मी म्हणालो. तेच सांगायला आलोय. मी बसू का?

गायिका : त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो. त्या गाठोड्यावर बसा. चादरी आहेत, हॉटेलच्या.

समीक्षक : कंपनीनं पुस्तिकेसाठी मला लेख मागितला. त्यांना गंमत वाटली असावी. ज्यानं झोडपलं, त्याच्याकडूनच आता आरती ओवाळून घ्यायची. मीही हो म्हटलं. निवृत्त माणसाला कोणी काही मागितलं की तो हो म्हणतो. त्यांनी कॉम्प्युटरवर गाणी पाठवली. मी पहिलं गाणं ऐकलं आणि ते संपायच्या आत कंपनीला पत्र लिहायला घेतलं. खरमरीत.

ड्रमर : पुन्हा झोपला का ढोलवाला?

समीक्षक : उलट. मी लिहिलं, तुम्ही या बाईंचं गाणं पळवलंय. आजच्या तरुणांना दम नाही म्हणून जुन्या गाण्यांना चाबूक मारायचा हा उद्योग तुम्हाला शोभत नाही. आवाजही चढवलाय, मूळ आवाज असा नव्हता, मूळ आवाज जाड होता, मी साक्षीदार आहे. दोन पानं लिहिलं. ‘साक्षीदार’खाली रेघ ओढली.

गायिका : मग?

समीक्षक : त्यांच्या तंत्रज्ञाचं दोन ओळींचं उत्तर आलं. ‘मूळ टेपवरूनच घेतलं आहे, वेग बरोबर आहे. आपण कशावर ऐकत होता?’

ड्रमर : कशावर ऐकत होता?

समीक्षक : माझ्या टेपवर. कॅसेटचा. जुना घेतला होता, एका मित्राकडून. अकरा वर्षं माझ्या लिहायच्या टेबलावर होता. जे जे मी ऐकलं आणि जे जे लिहिलं, ते त्याच्यावर. मी तो कपाटावरून काढला आणि मेकॅनिककडे नेला. त्यानं मागचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि बेल्ट उचलून दाखवला. आत एक रबरी बेल्ट असतो, मोटरवरून चाकावर. तो म्हाताऱ्या माणसाच्या पायमोज्यासारखा लोंबत होता. मेकॅनिक म्हणाला, हा कधी बदललात? मी विचारलं, बदलायचा असतो?

गायिका : थांबा. बेल्ट ढिला म्हणजे कॅसेट सावकाश फिरणार.

समीक्षक : हो.

गायिका : आणि आवाज खाली जाणार.

समीक्षक : अर्धा सूर. मेकॅनिकनं मोजून दिलं. वेगात शंभराला सहा कमी.

ड्रमर : आत्ता ढिला झाला असेल. रबर आहे, सुटतं. तेव्हा ठीक असेल. उगाच माफी मागायची हौस म्हणून अंगावर घेऊ नका.

समीक्षक : मलाही आधी तसंच वाटलं. वाटलं म्हणजे, तशी आशा होती. मग मी ते परीक्षण काढून वाचलं. तुम्हाला पाठ आहे ना? दुसरा परिच्छेद.

ड्रमर : ‘पहिलंच गाणं पाच मिनिटं अठरा सेकंद फरफटतं, हे प्रस्तुत समीक्षकानं घड्याळ लावून मोजलं आहे.’

समीक्षक : मी घड्याळ लावायचो. बाकीचे समीक्षक नुसते भावनेवर लिहायचे, मी मोजून लिहायचो. मला त्याचा अभिमान होता. आता कव्हरवर काय छापलं होतं सांगा.

ड्रमर : पाच मिनिटं. बरोबर पाच. मी ते गाणं शंभरदा वाजवलंय.

समीक्षक : मी पाहिलं होतं तेव्हा कव्हरवर. पाच लिहिलंय, माझं घड्याळ पाच अठरा दाखवतंय. मला वाटलं, कव्हर खोटं बोलतंय. कंपन्या बोलतात.

गायिका : अठरा सेकंद.

समीक्षक : अकरा वर्षं मी एका रबराच्या मतानं लिहीत होतो. मला सगळेच रडके वाटायचे. वाचक म्हणायचे, काय कडक माणूस आहे! याला काही आवडतच नाही. संपादकांनी माझा चौकोन मोठा केला त्यामुळं. बायको म्हणायची, तुमच्या टेपवर सगळ्यांनाच ताप आल्यासारखा का वाटतो? मी तिला म्हणायचो, तुला ऐकायची सवय नाही.

गायिका : काय म्हणतात त्या आता?

समीक्षक : ती गेली. चार वर्षं झाली. तिला सांगायचं राहिलं, म्हणून तुमच्याकडे तरी वेळेत जावं असं वाटलं. वेळेत म्हणजे, दोन मंगळवार तर असेच गेले. आज बुधवारी आलो, की मंगळवारची सवय मोडावी.

गायिका : ‘सर्दी झालेल्या पुरुषासारखा आवाज.’ हे बेल्टचं होतं?

समीक्षक : बेल्टचं होतं. वाक्य माझं होतं.

ड्रमर : मी हिला म्हणत होतो तेव्हाच. म्हणत होतो की नाही? आवाज तुझा स्वच्छ आहे. हा माणूस दुसरीच कुठली तरी कॅसेट ऐकून लिहितोय, म्हटलं. शब्दशः म्हटलं होतं!

गायिका : तू नवरा होतास. नवरा म्हणणारच.

ड्रमर : आणि हे कोण होते? सासरे?

गायिका : हे छापलेले होते.

समीक्षक : तुम्ही मला ओरडा, काहीही म्हणा. मला चालेल. बरं वाटेल, खरं सांगायचं तर.

ड्रमर : एक मिनिट. साहेब, एक मिनिट. त्या टेपवर तुम्ही अकरा वर्षं ऐकत होता म्हणालात.

समीक्षक : हो.

ड्रमर : ‘चौथा मजला’नंतर दोन वर्षांनी आमचा दुसरा आला. ‘शेवटची बस’. तो कशावर ऐकलात?

समीक्षक : त्याच्यावरच.

ड्रमर : अगं ऐकलंस का?

गायिका : ऐकतेय.

ड्रमर : ‘अखेर जाग आली!’ पाच कॉलम! ‘प्रत्येक शब्द आपल्या जागी, प्रत्येक ठोका वेळेवर, आणि गायिकेला स्वतःचा आवाज सापडला.’ हेही पाठ आहे मला. म्हणजे आम्ही जे पळवलं होतं ते तुमच्या टेबलावर—

समीक्षक : चालत होतं. बरोबर चालत होतं.

ड्रमर : तुम्हाला माहितीय आम्ही काय केलं होतं? तुमचं पहिलं वाचून? हिनं सगळी गाणी वेगात बसवली. मी वाजवून बघितली, म्हटलं हे धावतंय, शब्द एकमेकांच्या पायात अडकताहेत. ही म्हणाली, छापून आलंय आपण संथ आहोत. बरं, वेगावर थांबली नाही. आवाज जाड आहे म्हणून सूरही चढवला. किती? अर्धा! वरच्या जागी गळा ताणून ताणून गायची. एकेका गाण्याचे तीस-तीस टेक. स्टुडिओवाला म्हणायचा, बाईंच्या मागं कुत्रं लागलंय का?

समीक्षक : दुकानांतून परत आला तो अल्बम. मला आठवतं.

ड्रमर : खोके भरून. लोक म्हणाले, हिला काय झालं? पहिल्यात ही किती छान सावकाश गायची. आणि ही मला म्हणाली, लोकांना कळत नाही रे. ज्याला कळतं त्याला आवडलंय. तुमचं कात्रण हिनं फ्रेम करून लावलं होतं!

गायिका : फ्रेम नव्हती केली. काचेखाली ठेवलं होतं.

ड्रमर : टेबलाच्या काचेखाली. तिथं बसून जेवायचो आम्ही. माझ्या ताटाखाली तुमचं बोट यायचं.

समीक्षक : हे मला… बाई, मला दुसऱ्याचं खरंच… मी फक्त पहिल्याचा विचार करून आलो होतो.

गायिका : गळ्याला गाठ आली त्यानंतर. डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या सुराच्या वर कशाला गाता? मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, तसंच बरोबर वाटतं. गाठ काढली त्यांनी. बोलता येतं. हाका मारता येतात. वीस नंबरचा कोट, आठ नंबरची साडी. यापलीकडे नाही.

ड्रमर : हसतेस काय अशी?

गायिका : हसू नको तर काय करू? सगळ्या जगात एक घर होतं, जिथं ‘शेवटची बस’ अगदी हवी तशी वाजली. अरे, इतकं तरी किती जणांच्या नशिबात असतं? मी दोन वर्षं घालवून एका माणसाच्या टेबलासाठी गायले. आणि ते जमलं.

समीक्षक : तुम्ही असं बोलू नका.

गायिका : का? ओरडलेलं चाललं असतं ना तुम्हाला? पिशवीत काय आहे ते?

समीक्षक : तोच टेप. नवा बेल्ट घातलाय. आणि ‘चौथा मजला’ची कॅसेट, तेव्हा परीक्षणासाठी आलेली. मला वाटलं, सही करायची की नाही ते ठरवण्याआधी तुम्ही एकदा… शेवटचं कधी ऐकलं होतं?

ड्रमर : विचारू नका. अठ्ठावीस वर्षांत एकदाही नाही. दुकानात रेडिओवर लागलं तर ही वाफेचं मशीन चालू करते. सोमवारी तर कपडा नसताना चालू केलं होतं.

गायिका : लावा. शटर ओढ रे. आणि दोघंही बोलायचं नाही.

(शटर कमरेपर्यंत येतं. खालून फुटपाथवरून जाणारे बूट दिसतात. टेपचं बटण खट्ट वाजतं, आणि पाच मिनिटं बूट तेवढे चालतात.)

ड्रमर : …मी वाजवायचो गं.

समीक्षक : बोलू का आता?

गायिका : पुढचं चालू राहू दे. बोला.

समीक्षक : लिफ्ट नसलेल्या इमारतीचं गाणं. कडवी चार, मजले चार. पहिल्या कडव्यात एकटी गिटार. दुसऱ्यात खर्जाचा बास येतो, तोसुद्धा जिना चढल्यासारखा, एकेक पायरी. हे मी तेव्हा ऐकलं होतं. पण जे ऐकलं नव्हतं ते असं, की प्रत्येक कडव्याच्या शेवटी तुम्ही श्वास घेता. खरा श्वास, ऐकू येणारा. जिन्याच्या वळणावर माणूस थांबतो तसा. आणि तिथं ड्रम थांबतो. माझ्या टेपवर ती जागा इतकी लांबायची की मला वाटायचं, वाजवणारा विसरला. साहेब, तुम्ही विसरत नव्हतात. तुम्ही यांच्यासाठी थांबत होतात. यांचा दम खाऊन झाला, की मगच तुमचा ठोका. तोही जोरात नाही. जसं काही ‘चल’ म्हणावं. मी रॉक, पॉप सगळं ऐकत आलो, चाळीस वर्षं. लोक ढोल दाखवायला वाजवतात. कुणाच्या तरी सोबत जिना चढायला वाजवलेला मी दुसरा नाही ऐकला.

ड्रमर : तिथं काठी ठेवून ब्रश घेतला होता मी. तारांचा. स्टुडिओवाला नको म्हणत होता.

समीक्षक : ऐकू येतो. आता येतो.

ड्रमर : हे… हे कुणी म्हटलं नव्हतं आजवर. हिनंही नाही.

गायिका : मी म्हटलं होतं तेव्हा.

ड्रमर : तू म्हणाली होतीस, ‘ठीक आहे.’

गायिका : मग तेच ते.

समीक्षक : आणि शेवटी चौथ्या मजल्यावर पोचल्यावर सगळी वाद्यं एकदम येतील असं वाटतं. कुणीही तेच केलं असतं. तुम्ही सगळी बंद केलीत. ‘दार उघडंच होतं, मी ठोठावत राहिले’ ही ओळ निव्वळ आवाजावर सोडलीत. मी त्या ओळीबद्दल लिहिलं होतं, ‘इथं वादकांनाही झोप लागली.’ परवा ती ओळ ऐकली आणि मी टेबलावरून उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. तिथं कोणी नव्हतं, तरी गेलो.

ड्रमर : काय गं? बोल काहीतरी.

गायिका : संथ आहे.

समीक्षक : नाही हो. आता बरोबर आहे. मी घड्याळ लावून तपासलंय, पाच मिनिटं, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

गायिका : मशीन बरोबर असेल. मला संथच ऐकू आलं. दुसऱ्या ओळीपासून वाटत होतं, आवर गं बाई, लोक कंटाळले. आणि आवाज जाड.

ड्रमर : जाड? अगं, काचेसारखा आवाज आहे! आरपार दिसतंय त्यातून!

गायिका : असेल. मला नाही येत तसा.

ड्रमर : पुन्हा लावा साहेब. मागं घ्या.

गायिका : नका घेऊ. त्यानं काही होत नाही. अठ्ठावीस वर्षं मी ते लावलं नाही, पण ऐकलं नाही असं नाही. इस्त्री करताना ऐकते, चिठ्ठ्या लावताना ऐकते. रोज. डोक्यात. आणि दर वेळी यांच्याच टेपवर ऐकते. तिथला बेल्ट कोणता मेकॅनिक बदलणार?

समीक्षक : मला माफ—

गायिका : तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. ते मला कळतं. मुद्दाम केलं असतंत तर सोपं गेलं असतं, शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण तुम्ही तुम्हाला जे ऐकू आलं तेच प्रामाणिकपणे लिहिलंत. तुमच्या जागी मी असते तर मी… जाऊ दे.

ड्रमर : मी एक मागू का तुझ्याकडे?

गायिका : जेवायचंय का? भाजी गरम करते.

ड्रमर : भाजी नाही. सही कर.

गायिका : अरे, तुला आत्ता सांगितलं मी. मला ते—

ड्रमर : तुला नाही ऐकू येत, कळलं. तुझ्यासाठी नको करू. त्यात अर्धे ठोके माझे आहेत. मी आजवर काही म्हटलं नाही. दुसऱ्या अल्बमला पळायला लावलंस, पळालो. ड्रम विकून वाफेचं मशीन आणलं, उचलून मीच आणलं. पण हे पहिलं आहे ना, ते मी बरोबर वाजवलं होतं. आयुष्यात एकदाच. मला ते जाड पुठ्ठ्यात बघायचंय.

गायिका : इतकी वर्षं बोलला नाहीस.

ड्रमर : तू मशीन चालू करायचीस. आवाज केवढा त्याचा.

गायिका : …ड्रॉवर उघड. वरचा नाही, तिसरा. सुट्या बटणांच्या डब्याखाली. कुठं करायची हो सही?

समीक्षक : दुसऱ्या पानावर, खाली. आणि इथं तारीख.

गायिका : या पेनाची शाई धुण्यात जात नाही. चालेल ना?

समीक्षक : चालेल.

गायिका : घ्या. तुम्हीच द्या कंपनीला. शुक्रवार चुकायला नको.

समीक्षक : देतो. आजच देतो. आणि पुस्तिकेत मी सगळं लिहिणार आहे. टेप, बेल्ट, अठरा सेकंद, दुसऱ्या अल्बमचं. माझ्या नावानिशी. निम्मा लेख मनात तयार आहे.

गायिका : लिहायचं नाही.

समीक्षक : म्हणजे?

गायिका : बेल्टचं एक अक्षर लिहायचं नाही.

समीक्षक : पण लोकांना कळायला हवं ना, तुमच्यावर कसा अन्याय—

गायिका : काय कळेल? एक मोठा समीक्षक होता, त्याचा टेप बिघडला होता, आणि किती मोठ्या मनानं त्यानं ते कबूल केलं. तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक होईल. आणि मग लोक माझं गाणं लावून बेल्ट ऐकत बसतील. ‘हेच का गं ते? सहा टक्क्यांवालं?’ मी ऐकतेय तेवढं पुरे आहे. त्यांना तरी नुसतं गाणं ऐकू द्या.

ड्रमर : आणि साहेब, तुम्ही लिहाल झकास. तीच तर भीती आहे. मला पाठ होईल.

समीक्षक : मग हे मी सांगायचं कुठं?

गायिका : सांगितलंत की. इथं. चादरींवर बसून.

समीक्षक : एवढंच?

गायिका : एवढंच. हलकं व्हायला आला होतात, ते नाही जमलं. आमच्याकडे कपड्यांचे डाग जातात, सगळेच जात नाहीत, आणि ते आम्ही आधीच चिठ्ठीवर लिहून देतो.

समीक्षक : मग लेखात लिहू काय? त्यांनी बाराशे शब्द मागितलेत.

गायिका : गाण्यांबद्दल लिहा. आत्ता बोललात तसं. श्वास, जिना, याचा ब्रश. दहाच्या दहा गाण्यांबद्दल लिहा.

समीक्षक : तुम्ही वाचाल?

गायिका : वाचीन की. ऐकून तर मला आता कळत नाही.